हरणीचे दात

आमच्या हरणीला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो. "सर, हिला खायला घालत नाही का?" मग तो सफाळ्याहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर असो, की मुंबईहून रविवारी समुद्र बघायला आलेला पाहुणा. माझं उत्तर आता पाठ आहे. पस्तीस वर्षं शाळेत दुसरं काय केलं? तोच धडा, दरवर्षी नवी तोंडं. मी सांगतो की ही कारवानी जातीची कुत्री आहे, इंग्रजांच्या ग्रेहाऊंडची दख्खनमधली लांबची बहीण म्हणा. हिच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसलीच पाहिजेत. ती दिसेनाशी झाली तर आपलं चुकतं आहे असं समजावं.

पाहुणा मान डोलावतो, पण त्याला पटलेलं नसतं. असो.

आज लिहायचं आहे ते हिच्या दातांबद्दल, आणि दातांच्या निमित्ताने हिच्या घराण्याबद्दल. (गावाच्या नावातच दात आहे म्हणून सुचलं असेल, असं आमची सौ. म्हणते. तिला हसू द्या.) हरणीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती चूक समजायला मला बराच मागे जावं लागलं, १९७५ सालापर्यंत.

बी.ए. झालो आणि १९७४ साली पहिली नोकरी लागली ती थेट सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात. मी समुद्रकाठचा मुलगा. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून दिवस मोजणारा. तिकडे बहात्तरच्या दुष्काळाच्या खुणा अजून ताज्या होत्या. माळरान, बाभळी, आणि संध्याकाळी धूळ उडवत जाणारे मेंढ्यांचे कळप. त्या कळपांबरोबर ही कुत्री मी पहिल्यांदा पाहिली. लांब निमुळतं तोंड, पोट आत गेलेलं, पाय काठीसारखे. मलाही पहिल्या दिवशी तोच प्रश्न पडला होता, जो आज पाहुण्यांना पडतो.

शाळेमागच्या माळावर एका धनगराचं बिऱ्हाड महिनाभर उतरलं होतं. त्याच्याकडे एक कुत्री व्यालेली होती. मी पिल्लं बघायला गेलो. पिल्लांचे पाय किती लांब आहेत, हे मी मोठ्या जाणकारीने पाहत होतो. म्हातारा हसला. म्हणाला, "मास्तर, पाय कुनीबी बगतंय. त्वांड बगावं." आणि त्याने कुत्रीला जवळ ओढून, अंगठ्याने तिचा ओठ वर करून, हिरड्या दाखवल्या. मेंढरांचं वय दातांवरून सांगणाऱ्या माणसाला कुत्र्याचं तोंड उघडण्याचं काही विशेष वाटत नव्हतं. त्या भागात जनावर आदत, दुसा, चौसा, जुळलेलं, असंच मोजतात. जनावराचा दात म्हणजे त्याचा जन्मदाखला, आणि रोजची तब्येतसुद्धा. तो रोज संध्याकाळी मेंढ्यांचे खूर बघायचा, त्याच हाताने कुत्र्याचे पंजे आणि तोंड बघायचा. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी ताकात कुस्करून कुत्र्यांपुढे ठेवली जायची. कधी मेलेल्या मेंढराचं मांस. माळावर मिळालाच तर ससा.

हे सगळं मी पाहिलं, मनात ठेवलं, आणि विसरलो. १९७८ ला इकडे पालघर तालुक्यात बदलून आलो. नंतर संसार, शाळा, निवडणुकीची कामं, जनगणना. कारवानी कुत्रा आठवायला वेळ कुणाला होता?

इतिहासाचा शिक्षक असल्याने निवृत्तीनंतर वाचत बसायचा नाद लागला. तेव्हा एक गंमत सापडली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आम्हा मराठीवाल्यांना कॉलेजात माहीत होता तो एकाच कारणाने. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात असा त्यात उल्लेख आहे. परीक्षेला दोन गुणांचा प्रश्न. (हे कल्याण म्हणजे आपल्या लोकलचं कल्याण नव्हे बरं का. बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण.) त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांच्या शिकारीची मौज, असं स्वतंत्र प्रकरण आहे हे मला वयाच्या साठीनंतर कळलं. म्हणजे दख्खनचा राजा शिकारी कुत्र्यांची पारख आठ-नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवत होता. ती कुत्री म्हणजेच आजची कारवानी, असं मी म्हणणार नाही. आजच्या जातीबद्दल सर्वसाधारण समज असा की अरबस्तान, इराण, अफगाणिस्तानाकडून घोड्यांचे व्यापारी आणि फौजा दख्खनेत येत राहिल्या, त्यांच्या काफिल्यांबरोबर सलुकी, ताजी अशा जातींची कुत्री आली आणि इथल्या कुत्र्यांत मिसळली. काफिला म्हणजे कारवान, त्यावरून कारवानी. केसाळ कानांच्या कुत्र्याला पश्मी म्हणतात, तो शब्दही फारसीच.

आता मुधोळ. शाळेत मुधोळ हे नाव आम्ही शिकवलं ते बाजी घोरपड्यांमुळे. १६४८ साली शहाजीराजांना कैद करण्यात त्यांचा हात होता आणि १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी मुधोळवर जाऊन तो हिशेब पुरा केला. पुस्तकातलं मुधोळ तिथे संपतं. पण संस्थान पुढे १९४८ पर्यंत टिकलं, मग मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९५६ नंतर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. घोरपड लावून किल्ला चढल्याच्या आख्यायिकेवरून ज्या घराण्याला आडनाव मिळालं, त्याचं नाव आज जगात कुत्र्यामुळे घेतलं जातं. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात नीट सांभाळली, तिची जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळ हाऊंड' हे नाव पडलं, असं सगळीकडे छापून येतं.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं की राजेसाहेबांनी १९३७ साली पंचम जॉर्जला कुत्री दिली. अहो, पंचम जॉर्ज २० जानेवारी १९३६ ला वारला! १९३७ साली राज्याभिषेक झाला तो सहाव्या जॉर्जचा. म्हणजे साल तरी चुकलं आहे, नाहीतर राजा. वर्तमानपत्रं एकमेकांवरून उतरवून घेतात, पेपर तपासताना मुलांची कॉपी जशी चुकांवरून पकडतात तशी ही पकडता येते.

पण मला खटकतं ते साल नव्हे. राजाने राजाला भेट दिली आणि जातीचं नाव बदललं, ते खटकतं. शेकडो वर्षं ही कुत्री ज्यांनी भाकरी घालून जगवली त्या धनगरांचं आणि इतर भटक्या माणसांचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया हिला 'कॅरव्हान हाऊंड' म्हणतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाऊंड'. कुत्र्यांबद्दल आपला इतिहास असाच आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहूमहाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. राजाचं कुत्रं होतं म्हणून समाधी झाली. धनगराचं कुत्रं माळावरच राहतं.

पुढे कायदा आला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती, यांनी शिकार बंद झाली. व्हायलाच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या कामासाठी हा कुत्रा घडला ते काम गेलं. काम गेल्यावर मान वाढला, हे आपल्याकडे नेहमीचंच! २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. २०१६ मध्ये सैन्याने मेरठला ही पिल्लं प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं आणि मग काय, चौकश्याच चौकश्या. माळावर धावणारा कुत्रा फ्लॅटमध्ये आला.

आमची हरणी त्याच्या आधी आली, २०१४ च्या उन्हाळ्यात. मुलगा कामानिमित्त जतकडे गेला होता, तिथून दोन महिन्यांचं पिल्लू घेऊन आला. "बाबा, तुम्ही नेहमी सांगायचात ना, तसलं." मी पिल्लाचे पाय पाहिले. तोंड पाहायचं सुचलं नाही.

आता आमच्या घरातला आहार ऐका. सकाळी दूध आणि ग्लुकोजची बिस्किटं. दुपारी आमटीत कालवलेला मऊ भात. संध्याकाळी नातू आला की पुन्हा बिस्किट. शेजारची मावशी प्रेमाने सुके बोंबील घालायची, तेही खारवलेले. दातिवऱ्यात कुठलंही कुत्रं मासळीवर वाढतं, तेव्हा हिलाही चालेल असं वाटलं. चावण्यासारखं काही नाही, चिकटण्यासारखं सगळं. आणि तोंड उघडून पाहायचं कुणी नाही.

सहा वर्षांनी तोंडाला वास यायला लागला. आम्ही म्हटलं, कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच. मग ती एका बाजूने खाऊ लागली. आम्ही म्हटलं, सवय. तीन वेळा गोळ्यांचा कोर्स झाला, वास जायचा आणि महिन्याभराने परत यायचा. आणि एक दिवस नातवाने लाडाने तिचा गाल ओढला तेव्हा ती गुरगुरली. सहा वर्षांत कधी न गुरगुरलेली कुत्री. मी हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिच्या पाठीत दोन घातल्या. जोरात नाही, पण घातल्या. शिस्त लागली पाहिजे ना! ती ओट्याखाली जाऊन बसली आणि रात्री जेवायला आली नाही.

ही जात रागावलेला आवाजसुद्धा सहन करत नाही. हे आज कळलेलं नाही, दुसऱ्या शतकात लिहिलेलं आहे. अलेक्झांडरच्या स्वारीमुळे आपल्याला माहीत असलेला ग्रीक लेखक एरियन, त्याने ग्रेहाऊंडसारख्या वेगवान कुत्र्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं आहे. त्यात तो सांगतो की या कुत्र्याला मऊ, उबदार अंथरूण द्यावं, शक्यतो माणसाजवळ झोपू द्यावं, अंग चोळून द्यावं. त्याची स्वतःची कुत्री होती, होर्मी नावाची. लहानपणी तिला चाबूक लागला होता. मोठेपणी कुणी नुसतं चाबकाचं नाव काढलं तरी ती त्या माणसाकडे जाऊन अंग चोरून बसायची आणि गयावया करत चाटायची. स्वाऱ्या आणि लढाया लिहिणाऱ्या माणसाने एवढं बारीक पाहिलं. मी हे वाचलं ते हरणीला मारल्यानंतर. आमच्याकडे आजही मी वर्तमानपत्राची घडी जरा आवाज करून घातली की ती उठून आतल्या खोलीत जाते.

शेवटी एका तरुण डॉक्टरकडे नेलं. त्याने आधी पाय पाहिले नाहीत, वजनसुद्धा केलं नाही. अंगठ्याने ओठ वर केला. तोच हात, तीच पद्धत, आणि मला पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा म्हातारा समोर उभा राहिला. वरच्या जबड्यातली मोठी दाढ, कुत्र्याची मांस कापायची कात्री असते ती, पिवळ्या-तपकिरी दगडाखाली गाडली गेली होती. हिरडी मागे सरकलेली, खाली पू. डॉक्टर म्हणाला, "सर, हिला वर्ष-दोन वर्षं तरी दुखत असणार. ही कुत्री सांगत नाहीत." गुरगुरणं म्हणजेच तिचं सांगणं होतं. मला ते उद्धटपणा वाटलं.

डॉक्टरने समजावलं ते थोडक्यात असं. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात. त्यांवर रोज चिकट थर बसतो, दोन-तीन दिवसांत तो लाळेतल्या क्षारांनी कडक होऊ लागतो, मग तो घासून निघत नाही. वरच्या मोठ्या दाढेजवळ लाळेची नळी उघडते, म्हणून तिथे दगड जास्त. लांब, अरुंद जबड्याच्या ग्रेहाऊंडमध्ये हा त्रास फार. विलायतेत २०१६ सालच्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, पाच हजारांवर ग्रेहाऊंडच्या, तर त्यांत ३९ टक्क्यांना हिरड्यांचा आजार निघाला. त्यातली कित्येक कुत्री शर्यतीतून निवृत्त झालेली. १९२६ साली मँचेस्टरला विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे शर्यती सुरू झाल्या, तेव्हापासून ही कुत्री तीन-चार-पाच वर्षांची झाली की निवृत्त होतात आणि मग कुणाच्या तरी घरी जातात. शर्यतीच्या काळातलं मऊ कालवण आणि तोंडाकडे झालेलं दुर्लक्ष, दोन्ही घेऊन जातात. आता फ्लोरिडात मतदारांनीच २०१८ मध्ये शर्यतींविरुद्ध कौल दिला, न्यूझीलंडनेही २०२४ च्या डिसेंबरात त्या बंद करायचं जाहीर केलं. आमची हरणी कधी शर्यतीत धावली नाही. तिचं नुकसान आम्ही लाडाने केलं.

दात काढायचे तर भूल द्यायला हवी, आणि इथे या जातीचा दुसरा धोका. अंगावर चरबी नाही, आणि यांचं यकृत काही औषधं सावकाश निपटतं. थायोपेन्टोनसारखं जुन्या पद्धतीचं भुलीचं इंजेक्शन दिलं तर ही कुत्री तासन् तास शुद्धीवर येत नाहीत. डॉक्टरला हे ठाऊक होतं, त्याने दुसरं औषध वापरलं, रक्त आधी तपासलं. तरीही ती टेबलावर होती तो दीड तास मी बाहेरच्या बाकावर कसा काढला ते मलाच माहीत. नऊ दात काढले. एका डबीत घालून मला दाखवायला आणले. मुळांशी काळे.

आता घरी घासणं सौ.कडे आहे. बोटाला मलमलचं फडकं गुंडाळायचं, कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते ती लावायची, आणि बाहेरच्या बाजूने गोल फिरवायचं. आपली टूथपेस्ट अजिबात नाही. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची साखर असते ती कुत्र्याला विषारी. पहिले पंधरा दिवस नुसता ओठ वर करून बक्षीस म्हणून चिकनचा तुकडा, एवढंच केलं. हडबडून तोंड धरलं असतं तर संपलंच होतं. बिस्किटं बंद, खारवलेली मासळी बंद. मावशींचा राग अजून गेलेला नाही. उकडलेलं चिकन, अंडं, थोडा दुधी किंवा भोपळा, आणि ज्वारीची भाकरी. दिवसातून दोनदा, आणि जेवल्यावर तासभर धावणं नाही, कारण या खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या चिरफळ्या होतात.

भाकरीबद्दल शहरातले श्वानप्रेमी नाक मुरडतात, कुत्रा मांसाहारी म्हणे. पण कुत्रं लांडग्यापेक्षा पिष्ट पदार्थ चांगलं पचवतं, हे २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं आहे. माणसाच्या भाकरीवरच तर ते माणसाळलं. मात्र भाकरीने दात साफ राहतात असंही मी म्हणणार नाही. धनगराच्या कुत्र्यांचे दात मोत्यासारखे असत, असं लिहायचा मोह होतो, कारण माझ्या आठवणीतला काळ सोनेरी झाला आहे. ती कुत्री किती वर्षं जगत, किती रोगाने जात, याचा हिशेब मी तेव्हा ठेवला नव्हता. मला खात्री आहे ती एकाच गोष्टीची. तो म्हातारा रोज तोंड उघडून बघत असे.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत हरणी बदलली. सहाव्या-सातव्या वर्षी आम्ही जिला "आता म्हातारी झाली" म्हणत होतो ती ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर पुन्हा धावायला लागली. भरती उतरली की वैतरणेच्या मुखापर्यंत वाळू उघडी पडते, पलीकडे अर्नाळ्याची बाजू दिसते. तिथेच फक्त तिला मोकळी सोडतो. रस्त्याजवळ कधीच नाही. हिची शिकार नाकाने नव्हे, डोळ्यांनी चालते. लांबवर मांजर किंवा कोंबडी हलली की हाक ऐकू येणं बंद. एकदा कोळीवाड्यातल्या कोंबडीचे पैसे भरले आहेत. राखणीच्या कामाची म्हणाल तर शून्य, चोर आला तर त्याला जागा करून देईल. दिवसाचे अठरा तास झोपते, आणि झोपेत अचानक हात लावला तर दचकून दात दाखवते. नातवाला आता शिकवलंय, आधी नावाने हाक मारायची, ती डोळे उघडेल, मग जवळ जायचं. तो हे मित्रांना मोठ्या ऐटीत सांगतो.

हरणीने आता अकरा वर्षं ओलांडली आहेत. आणखी चार दात गेले. भाकरी पुन्हा ताकात कुस्करून द्यावी लागते, जतला देत असत तशीच. माझीही कवळी झाली आहे, त्यामुळे सौ. दोघांचं एकाच वेळी कालवते आणि कुणाचं कोणतं ताट ते ओरडून सांगते.

साडेपाच वाजले. बाई ओट्यावर येऊन उभ्या आहेत, पट्ट्याकडे बघत. आज ओहोटी सहाला आहे. निघतो.